गेटकीपर गुप्तेबाई

आमच्या पोशीरच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एकदा कागद लागला. 'गेटकीपर प्रशिक्षण. तीन दिवस. कळंब, शाळेचा हॉल. चहा, जेवण मिळेल. शिक्षणाची अट नाही.' मी चौथी नापास माणूस, पण फळ्यावरचं मला वाचता येतं, आणि ते मी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेत नाही. शेवटची ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षं मी रेल्वेत गेटमन होतो, कर्जत-खोपोली लाईनवर. पाऊस म्हटला नाही, सण म्हटला नाही. एकदाही माझं गेट उघडं असताना गाडी आली नाही. आणि हे म्हणे तीन दिवसांत चहा पाजून गेटकीपर करणार, आणि वर शिक्षणाची अट नाही!

मी कळंबला भांडायला गेलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं बाई सगळीकडं सांगायच्या, "म्हसकरभाऊ अगदी पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर आहेत." पहिल्या दिवशी मी भांडायला गेलो होतो.

हॉल गच्च भरला होता. माझ्यासारखाच सगळ्यांचा समज झाला होता. पोशीर, कळंब, पार कोंडाण्यापासून माणसं आलेली, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाईल, त्यात दहावीचं मार्कलिस्ट, जातीचा दाखला, चार-चार फोटो. रेल्वेची भरती निघाली म्हणून कुणी नवा शर्ट घालून आला होता. तेवढ्यात एक बुटकी, गोरी, साठीची बाई आत आली. अंगावर सुती साडी, पायात बूट आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढायचं विसरूनच ती बोलायला लागली. आत आवाज घुमत होता, त्यामुळं पहिली पाच मिनिटं कुणाला काही कळलं नाही, आणि तिला वाटलं माणसं किती मन लावून ऐकतायत.

हेल्मेट निघाल्यावर कळलं. जीव द्यायचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याला वेळेवर ओळखायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याला एकटं न सोडता डॉक्टरपर्यंत पोचवायचं. हे काम गावातली साधी माणसं करू शकतात, त्यांना शिकवायला ती आली होती. हे काम करणाऱ्याला तिच्या इंग्रजी पुस्तकात गेटकीपर म्हणतात.

मागून एक जण म्हणाला, "बाय, मंग पगार किती?"

"पगार नाही हो."

"आन क्वार्टर?"

बाईंना काही समजेना. मग शाळेच्या शिपायानं उठून फाईलींचा उलगडा केला. आता ही बाई ओशाळेल, असं मला वाटलं. ती हसायलाच लागली. असं हसली, की भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "चूक माझी आहे. ज्यांना जायचं त्यांनी जावं, पण जेवून जा. तीस माणसांचा भात टाकलाय."

जेवून निम्मे गेले. मी उठलो नाही. मी म्हटलं, "बाई, मी गेटमन हाय. एकतीस वर्षं. तुमी आमचं नाव कुणाला इचारून घेतलं?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आजोबा बसा. बाईंनी स्वतःची खुर्ची उचलून फळ्याजवळ ठेवली. "इथं बसा. गेट बंद करताना काय काय करता, ते आधी तुम्ही सांगा. मी लिहून घेते."

भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची दिली की त्याचं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या गुप्तेबाई. कर्जत गावातल्या जुन्या घरातल्या. वडील शाळेत हेडमास्तर होते. बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, तिथून रिटायर झाल्यावर पुढचं शिक्षण घेऊन या कामाला लागल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. त्यांची एक जुनी स्कूटर होती, आणि ती त्या अशी चालवायच्या की समोरचे ट्रकवाले आपण होऊन बाजूला व्हायचे. आमच्यात मिसळावं म्हणून आमच्यासारखं बोलायला जायच्या. 'हाय' आणि 'नाय' दोन्ही एकाच वाक्यात घालायच्या. "तुमी बरं नाय हाय का?" असं एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो दोन दिवस डोकं खाजवत होता. मी सांगितलं, बाई, तुम्ही तुमचंच बोला, आम्हाला कळतं.

बाकी कशालाच न भिणारी ही बाई कोंबड्यांना भ्यायची. चाळीस वर्षं रक्त, पू, बाळंतपणं बघितलेली बाई, पण अंगणात कोंबडी दिसली की स्कूटरवरून उतरायची नाही. लांबूनच हाक मारायची, "अहो, आधी ती झाका!" गावोगावी ठाऊक झालं होतं. स्कूटरचा आवाज आला की बायका कोंबड्यांवर डालगं घालायच्या.

आणि त्यांचा थर्मास. स्टीलचा, लाल झाकणाचा, एका बाजूला पोचा आलेला. आमच्याकडं पाहुण्यानं चहा नाही घेतला तर घरच्याला अपमान वाटतो. बाई कुणाच्या घरी चहा टाकू द्यायच्या नाहीत. स्वतःच्या थर्मासातला दोघांना ओतायच्या. मला ते घमेंडीचं वाटायचं. शेवटी एकदा विचारलं.

"भाऊ, ज्या बाईशी मला बोलायचं असतं तीच चहा टाकायला आत जाते. परत येते तेव्हा तोंड पुसून, पदर सावरून येते. मग ती काही सांगत नाही."

कुणाशी बोलायचं असलं की शेजारी बसायच्या, समोर नाही. जे विचारायचं ते सरळ विचारायच्या, आणि मग गप्प. गप्प असताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. करंगळीपासून सुरू, एकेका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. बायका म्हणायच्या, बाई जप करतात, देवाधर्माच्या आहेत. जप कसला! बाई थांबायचं मोजत होत्या. "समोरचा गप्प बसला की आपल्याला राहवत नाही, आपण काहीतरी भरून काढतो. म्हणून मोजायचं. बारा पेरं झाली की दुसरा हात. तोवर तोंड उघडायचं नाही."

हे मला पटलं. थांबणं हे आमचं कामच. गेट लावलं की दोन्हीकडनं शिव्या सुरू होतात. गाडी दिसत नाही, मंग कशाला अडवलंस, उघड की. त्या शिव्या ऐकायच्या आणि हँडलवरचा हात हलू द्यायचा नाही.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी जोड्या लावल्या. एकानं दुःखी माणूस व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं. मला कोंडाण्याची आशाताई मिळाली. आशाताई म्हणजे गावात आरोग्याचं काम करणारी. मोठी वस्ताद. तिनं मान खाली घालून असा चेहरा केला, की मी घाबरलोच. विचारायचं होतं, "जीव द्यायचा विचार येतो का?" माझ्या तोंडातून निघालं, "जेवलीस का गं?"

सगळा हॉल हसला. आशाताई दुःखी राहायचं विसरून म्हणाली, "जेवले, मामा. तुमच्या शेजारीच बसून जेवले की!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जेवलीस का, हा चांगला प्रश्न आहे. पण त्याला सगळे हो म्हणतात."

मी चिडून म्हटलं, "असलं अभद्र तोंडानं बोलायचं? त्याच्या मनात नसंल तर आपणच घालायचं?"

"नसेल तर तो नाही म्हणेल, थोडा रागावेल. विचारल्यानं कुणाच्या मनात नवीन काही येत नाही, भाऊ. असेल तर मात्र त्याला पहिल्यांदा कळतं, की हे कुणाशी तरी बोलता येतं."

 मला सदू आठवला होता. सदू रोज सायकलवर भाजी घेऊन माझ्या गेटवरून जायचा. गेट लागलेलं असलं की दहा मिनिटं आमचं बोलणं व्हायचं. एके दिवशी सकाळी बघतो, तर गेट उघडं आणि सदू सायकल धरून उभा. मी केबिनमधून ओरडलो, "अरं जा की, गेट उघडं हाय!" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गेला. दोन दिवसांनी बातमी आली, त्यानं जीव दिला. कसा, ते मी लिहीत नाही. बाईंचा तो कायदाच होता. कसं झालं ते कुणी सांगायला लागलं की हात वर करायच्या. "ते नको. माणूस कसा होता ते सांगा."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बाईंना सदूबद्दल सांगितलं. घरात बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ती तर तोवर वारलीही होती. बाईंचा अंगठा दोन्ही हातांवरून फिरून आला. मग थर्मासातला उरलेला चहा त्यांनी माझ्या कपात ओतला. "उघड्या गेटपाशी माणूस का थांबतो, हे तेव्हा तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. मी चहा प्यालो. गार झाला होता.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना शिकवलं. ही बढाई नाही, त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. मी म्हटलं, बाई, गेट कायमचं लावायचं नसतं. गाडी जाईपर्यंत लावायचं. माणसाला अडवून धरणं हे आपलं काम नाही, त्या वेळेपुरतं थांबवणं हे काम आहे. बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा." मग मी प्रायव्हेट नंबरचं सांगितलं. गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर फोन करतो. गेट लावून झालं की गेटमननं त्याला एक नंबर द्यायचा. आपल्याजवळ नंबरांचा कागद असतो, कुणाला न दाखवायचा. त्यातला एक द्यायचा, मास्तरनं तो लिहून घ्यायचा, आपण आपल्याकडचा खोडायचा. नुसतं "हो, लावलं" म्हटलेलं चालत नाही. झोपेतही माणूस हो म्हणतो. नंबर दिला म्हणजे ऐकलं, केलं आणि जबाबदारी घेतली.

बाईंना हे इतकं आवडलं की तिथून पुढं प्रत्येक गावात सांगायच्या. माणूस "बरा आहे मी" म्हणाला म्हणून उठून यायचं नाही. पुढं कधी भेटणार, किती वाजता, कुठं, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं. "नंबर घेतल्याशिवाय उठायचं नाही. आमचे म्हसकरभाऊ म्हणतात." माझं नाव असं भिंतीवरच्या फोटोतल्या थोर माणसासारखं घ्यायच्या. मला संकोच व्हायचा, पण नको असं मी कधी म्हटलं नाही.

त्याचाही घोटाळा झालाच. महिन्यानं कळंबच्या बायका वह्या घेऊन आल्या, त्यात साऱ्या गावाचे मोबाईल नंबर. एक म्हातारी रागानंच आली होती. "बाय, माज्याकडं फोन नाय. मंग माजा जीव वाचवायचा नाय का?" बाई पुन्हा भिंतीला टेकून हसल्या. मग त्या म्हातारीकडं त्या दर बुधवारी जायला लागल्या. फोन नाही म्हणून.

राग मात्र त्यांना एका शब्दाचा यायचा. कोंडाण्याला बैठकीत एक जण म्हणाला, "भित्री लोकं असतात ती." बाईंचे कान लाल झाले. "तुम्हाला मलेरिया झाला होता ना? थरथरत होतात ना? तेव्हा कुणी भित्रा म्हणालं?"  बाईंनी पुढं अर्धा तास त्याच्याकडं बघितलं नाही, आणि निघताना मात्र त्यालाच स्कूटर ढकलायला लावली.

आता बाळारामचं.

बाळाराम माझा जोडीदार. एकाच गेटवर, मी दिवसा तर तो रात्री. माझ्याच गावचा, चार घरं सोडून घर. मी रिटायर झालो त्या दिवशी हारतुरे झाले, आणि बाळाराम उठून सगळ्यांसमोर म्हणाला, "चौथी नापास माणसानं एकतीस वर्षं गाड्या पास केल्या!" लोकं हसली. मी हार काढून ठेवला आणि घरी आलो. त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. त्याची बायको वारली तेव्हा गेलो, खांदा दिला, पण बोललो नाही.

बायको गेल्यावर वर्षभरात त्याचं घराबाहेर येणं बंद झालं. मुलगी दिली होती लांब. मला वाटलं, असंल. मग एकदा दुकानात गेलो तर वाण्याच्या हातात बाळारामचं घड्याळ. ड्युटीचं, मोठ्या आकड्यांचं. वाणी म्हणाला, "दिलं त्यानं. म्हणं, मला आता टायमाचं काय काम." पुढं कळलं, त्यानं बॅटरीही कुणाला देऊन टाकली, शिट्टीही दिली. गेटमन धोतर देईल, घड्याळ देणार नाही. बाईंनी शिकवलेलं डोक्यात वाजायला लागलं. माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू वाटायला लागला, की विचारा.

बाई आल्या तेव्हा मी ओट्यावर सगळं सांगितलं. "त्याला कुणीतरी इचारलं पायजे."

बाईंचा अंगठा करंगळीवर गेला. त्या मोजायला लागल्या, आणि मला कळलं.

"मी नाय," मी म्हटलं. "मी त्याच्याशी बोलत नाय."

"बरं. मी जाते."

गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. बाळाराम दारात आला, हात जोडले, बाई बसल्या. जरा वेळानं तो परसात गेला आणि डालगं उचललं. दहा-बारा कोंबड्या अंगणात. बाई थर्मास छातीशी धरून पडवीच्या खांबाला चिकटलेल्या. कशाबशा रस्त्यावर आल्या.

माझ्याकडं आल्या तेव्हा घामाघूम होत्या. "मला म्हणाला, सगळं उत्तम आहे. नंबरही दिला नाही." मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मी परकी आहे, भाऊ. मला तो कोंबड्यांनी हाकलू शकतो. त्याच्या मुलीला मी आताच फोन करते आणि डॉक्टरांशीही बोलून ठेवते. पण आज त्याला विचारायला पाहिजे." तुम्ही जा, असं त्या म्हणाल्या नाहीत. ओट्यावर बसून राहिल्या. थर्मासातला चहा एकाच कपात ओतला, आणि दुसरा कप रिकामाच माझ्या बाजूला ठेवला.

तो रिकामा कप मी किती वेळ बघितला कुणास ठाऊक. सदू उघड्या गेटपाशी उभा होता, तेवढाच मला दिसत होता. मी चपला घातल्या.

बाळाराम पडवीतच होता. मला बघून उठला नाही. अकरा वर्षांनी काय बोलायचं असतं? माझ्या तोंडातून ड्युटीवरचंच आलं.

"बाळ्या, चार्ज घ्यायला आलोय."

तो बघत राहिला. मग म्हणाला, "लय लेट झालास. अकरा वर्षं उभा हाय मी."

मी शेजारी बसलो, समोर नाही.  जेवलास का, असं पुन्हा जिभेवर आलं, ते गिळलं.

"जीव द्यायचा इचार येतो काय रं तुला?"

 मी अंगठा करंगळीवर ठेवला. एक बोट, तीन पेरं. कोंबड्या पायात फिरत होत्या. बारा पेरं झाली. दुसरा हात. मला वाटलं, उठून तो माझ्या थोबाडीत मारेल, आणि मी मारून घेईन. दुसऱ्या हाताच्या तिसऱ्या बोटावर आलो तेव्हा तो बोलला.

"येतो."

पुढं तो काय काय बोलला ते त्याचं आहे. मी मध्ये बोललो नाही. सल्ला दिला नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच दिला नसेल. ऊन पडवीतून अंगणात गेलं तेव्हा तो थांबला. मी म्हटलं, "बाई माझ्याकडं बसल्यात. तिघं मिळून आज डॉक्टरकडं जाऊ. लेक येईस्तोवर मी हितंच झोपणार."

"घोरतोस तू."

"तू घोरतोस. मी गेटवर ऐकलंय. ते जाऊ दे, नंबर दे."

"कसला?"

"प्रायव्हेट. उद्या सकाळी सातला मी चहा टाकणार, तू माझ्यासंग पिणार. नंबर दे."

त्यानं खूप वेळ माझ्याकडं बघितलं. मग हसला का रडला ते मला नीट सांगता येणार नाही. "सत्तेचाळीस," म्हणाला.

मी तो घरातल्या कॅलेंडरवर लिहिला आणि सकाळी सातला त्याच्यासमोर खोडला. मग अठ्ठावीस. मग एक्याऐंशी. त्याच्या हाताशी राहू नये असं घरात जे होतं ते बाईंनी हलवलं. लेक आली, राहिली. डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या. एका दिवसात काही झालं नाही, मधे दोनदा पुन्हा वाईट दिवस आले, तेव्हा पुन्हा बसलो. घड्याळ मी वाण्याकडून परत आणलं, त्याच्याशी भांडून. आता बाळाराम पत्त्यात लबाडी करतो, आणि मी चौथी नापास आहे हे रोज एकदा तरी म्हणतो. म्हणू दे.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे गेले. डॉक्टरनं स्कूटर बंद केली. सांगलीला त्यांची विधवा बहीण एकटी असते, तिच्याकडं जायचं ठरलं. मी आणि बाळाराम सामान बांधायला कर्जतला गेलो. बाई सगळं वाटत होत्या. पुस्तकं शाळेला, स्कूटर कोंडाण्याच्या आशाताईला, भांडी शेजारणीला. मग आतून थर्मास आणला आणि माझ्या हातात ठेवला. "हा तुम्हाला. मला आता काय करायचाय."

बाळारामनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. घड्याळ दोघांनाही आठवलं होतं.

मी बाईंच्या शेजारी खोक्यावर बसलो. इतक्या शिकलेल्या बाईला मी चौथी नापासानं विचारायचं! पण शिकवलं त्यांनीच होतं.

"बाई, जीव द्यायचा इचार येतो का?"

त्या हसायला लागल्या. नेहमीसारख्या, भिंतीला टेकून. मी हसलो नाही. मी पेरं मोजत होतो. त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडं गेलं आणि त्यांचं हसू थांबलं.

नऊ पेरं.

"आता नाही," त्या म्हणाल्या. "खरंच नाही. बहिणीकडं सहा थर्मास आहेत हो, म्हणून दिला." मग म्हणाल्या, "एकदा यायचा. तिशीत होते. नर्सच होते तेव्हा. चार महिने रोज ड्युटीवर जात होते, आणि सगळे मला विचारत होते, जेवलीस का." साडीच्या काठाची घडी केली, सोडली. "इतक्या लोकांना मी विचारलं, भाऊ. मला कुणी विचारलं नव्हतं."

बाळारामनं कुणी न सांगता थर्मास उघडला. आत चहा होता. त्यानं तिघांना ओतला.

सामानाचा टेंपो खोपोलीच्या रस्त्यानं जाणार होता. आम्ही दोघं मागं सामानात बसलो, आमच्या जुन्या गेटपर्यंत. तिथं उतरलो तर गेट लागलेलं. आता गेटवर एक मुलगी असते, साडीवर रेल्वेचं जाकीट घालून. बाईंनी पुढच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "म्हसकरभाऊ, बघा! खरी गेटकीपर!"

"नंबर?" मी खालून ओरडलो. गाडीचा आवाज जवळ येत होता.

"रविवारी अकराला फोन करते!"

"तसं नाय! नंबर!"

गाडी आली. धडधडत सगळे डबे गेले, तोवर कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. खिडकीत बाईंचा हात तेवढा दिसत होता, अंगठा पेरांवरून फिरत होता. शेवटचा डबा गेला, मुलीनं गेट उचललं. मागचे गाडीवाले हॉर्न मारायला लागले. टेंपो हलला आणि रूळ ओलांडता ओलांडता बाई पूर्ण आवाजात ओरडल्या, "त्रेसष्ट!"

रस्त्यावरची सगळी माणसं बघायला लागली. माझ्याकडं कागद नव्हता. बाळारामनं खिशातलं पेन काढलं, माझा हात धरला आणि तळव्यावर लिहिलं. मी डोकं वर केलं तेव्हा टेंपो वळणावर होता, आणि खिडकीतून ते हेल्मेट दिसत होतं. स्कूटर देऊन टाकली होती, टेंपोत बसल्या होत्या, तरी बाईंनी डोक्यावर हेल्मेट घातलेलं होतं.